पट्ट्याची जागा घ्यायला निघालेली पिशवी

२७ एप्रिल १९७१ ला डेट्रॉइटहून दोन बडी माणसं व्हाइट हाउसमध्ये दाखल झाली. एक हेन्री फोर्ड दुसरे, म्हणजे फोर्ड कंपनीच्या संस्थापकाचे नातू आणि कंपनीचे सर्वेसर्वा. दुसरे ली आयकोका, काही महिन्यांपूर्वीच कंपनीच्या अध्यक्षपदावर बसलेले. समोर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओव्हल ऑफिसात ध्वनिमुद्रणाची यंत्रणा गुपचूप बसवली गेली होती आणि पाहुण्यांना तिचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासाच्या त्या भेटीत तक्रारीचा सूर एकच होता: सुरक्षिततेच्या आणि प्रदूषणाच्या नियमांनी गाड्या महाग होत चालल्यात, जपानी कंपन्या बाजार खाताहेत, सरकारने जरा दमानं घ्यावं. या नियमांमध्ये सर्वांत जाचक वाटणारा होता एअरबॅगचा.

नियमात ‘एअरबॅग’ असं नाव घेतलेलं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं, की १९७३ च्या उन्हाळ्यापासून बनणाऱ्या मोटारींत पुढच्या सीटवरच्या माणसांचं रक्षण त्यांनी स्वतः बोटही न हलवता झालं पाहिजे. बक्कल लावायचं नाही, कळ दाबायची नाही. या वर्णनात बसणारी जी वस्तू तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, ती म्हणजे धडक बसताच आपोआप फुगणारी पिशवी. भेटीनंतर काही महिन्यांतच ही मुदत ऑगस्ट १९७५ पर्यंत पुढे ढकलली गेली.

पिशवीची कल्पना तोवर जुनी झाली होती. पेनसिल्व्हेनियातले जॉन हेट्रिक हे नौदलात काम केलेले अभियंते. १९५२ मध्ये बायको आणि लहान मुलीला घेऊन ते फिरायला निघाले होते. रस्त्यात आडव्या आलेल्या दगडाला चुकवताना त्यांनी करकचून ब्रेक दाबला, तेव्हा नवरा-बायको दोघांचेही हात एकाच वेळी मधे बसलेल्या मुलीसमोर गेले. घरी परतताना हेट्रिक यांच्या डोक्यात प्रश्न घोळत राहिला: या हातांचं काम एखादी वस्तू का करू शकणार नाही? नौदलात टॉर्पेडो दुरुस्त करताना दाबाखालची हवा अचानक सुटून कॅनव्हासचं आवरण छताकडे उडालेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी आराखडा काढला आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनीही जवळपास तशाच कल्पनेचं पेटंट घेतलं. दोघांच्याही पिशव्या दाबलेल्या हवेवर चालायच्या आणि दोन्ही कागदावरच राहिल्या, कारण हवा सिलिंडरमधून सुटून पिशवी भरेपर्यंत माणूस स्टिअरिंगवर आदळून मोकळा झालेला असतो. हेट्रिक यांच्या पेटंटची मुदत संपली तेव्हा बाजारात एकही एअरबॅग आलेली नव्हती.

वेळेचं हे गणित मुळातच निर्दय आहे. भिंतीवर आदळणाऱ्या गाडीचा चुराडा सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात आटोपतो. त्यातल्या पहिल्या पंधरा-वीस मिलिसेकंदांत हा खड्डा नाही, कडक ब्रेक नाही, ही खरोखरची धडक आहे असा निर्णय व्हायला हवा, आणि पुढच्या वीस-तीस मिलिसेकंदांत पिशवी भरायला हवी. पहिली अडचण न्यू जर्सीच्या ॲलन ब्रीड यांनी साठच्या दशकाच्या अखेरीला सोडवली. नळीत चुंबकाने धरून ठेवलेली एक लोखंडी गोळी, पुरेसा धक्का बसला की चुंबकाची पकड सोडून पुढे जाते आणि विजेचं मंडल पुरं करते. इतकं साधं, की इलेक्ट्रॉनिक चिप येईपर्यंत तेच चाललं. दुसरी अडचण हवेऐवजी स्फोटक रसायनाने सुटली. सोडियम अझाइडच्या गोळ्या पेटल्या की क्षणात नायट्रोजन वायू तयार होतो.

लोकांना वाटतं, अपघातात माणूस फुग्यावर आदळतो आणि फुगा त्याला झेलतो. प्रत्यक्षात डोकं टेकतं तेव्हा पिशवी मागच्या भोकांतून रिकामी होऊ लागलेली असते, आणि ते रिकामं होणं हेच तिचं काम. टणक राहिली असती तर तिनेच माणसाला मागे फेकलं असतं. पण फुगताना ती कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढच्या वेगाने बाहेर येते. त्या क्षणी कोणी तिच्या तोंडाशी असेल, तर तो रक्षणाऐवजी माराच्या टप्प्यात असतो. या एका गोष्टीवर पुढची वीस-पंचवीस वर्षं अवलंबून होती, आणि ते अभियंत्यांना ठाऊक होतं.

मग सरकार पिशवीसाठी इतकं अडून का बसलं? पट्टे तर होतेच. १९६८ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत पुढच्या सीटना पट्टे सक्तीचे झाले होते, पण ते लावतो कोण? १९८० च्या सुमारास हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. ग्राहकांच्या बाजूने लढणारे वकील राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने मोटार कंपन्यांची झोप उडवली, १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा आला, आणि नव्या खात्याच्या प्रमुखपदी विल्यम हॅडन नावाचे डॉक्टर बसले. हॅडन अपघाताकडे साथीच्या रोगासारखं बघायचे. चालकाला शहाणं करत बसण्यात त्यांना रस नव्हता. पहिली टक्कर गाडीची, दुसरी गाडीतल्या माणसाची. दुसरी सौम्य करता आली तर माणूस मूर्ख असला तरी वाचेल, हा त्यांचा हिशेब. विचार उदार होता. पण त्यातून जी पिशवी घडली ती पट्टा न लावणाऱ्या माणसाच्या मापाची होती, आणि तिथेच मेख होती.

सत्तरच्या दशकात हे प्रकरण न्यायालयांत आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, इतक्या वेळा हेलकावे खात गेलं, की सगळे टप्पे सांगायचे तर वाचक गाडीतून उतरून जाईल. दोनच पाहू. १९७२ च्या शेवटी एका अपील न्यायालयाने क्रायसलर कंपनीच्या अर्जावर सरकारला सांगितलं, की चाचणीत बसवायच्या बाहुल्याचं वर्णन पुरेसं नेमकं नाही. कोणता बाहुला किती लवचीक हे ठरल्याशिवाय कोणती गाडी पास आणि कोणती नापास हे ठरणार कसं? मुद्दा चिंधीचोर वाटतो, पण रास्त होता, आणि त्यामुळे बाहुल्यांची प्रमाणित जात तयार झाली. दुसरा टप्पा लोकांच्या संतापाचा. एअरबॅगला तात्पुरता पर्याय म्हणून १९७४ च्या गाड्यांना अशी सोय होती, की पुढच्या सीटवरचे पट्टे लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. शेजारच्या सीटवर किराणा सामानाची पिशवी ठेवली तरी गाडी तिलाही पट्टा मागायची. काँग्रेसच्या सभासदांच्या टपालात शिव्यांचा पाऊस पडला. ऑक्टोबर १९७४ मध्ये कायदाच झाला: असं कुलूप लावता येणार नाही, आणि पट्ट्याची आठवण करून देणारा आवाज आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवण्याची सक्तीही करता येणार नाही.

याच काळात जनरल मोटर्सने मात्र खरोखर एअरबॅगच्या गाड्या रस्त्यावर आणल्या. कंपनीचे अध्यक्ष एड कोल स्वतः अभियंते आणि कल्पनेचे भक्त. १९७३ मध्ये एक हजार शेव्हरले इम्पाला चाचणीसाठी बाहेर पडल्या. नंतर १९७६ पर्यंत ओल्ड्समोबाइल, ब्यूइक आणि कॅडिलॅकच्या मोठ्या गाड्यांत दोन-तीनशे डॉलर जादा देऊन ती घेता येत होती. तयारी वर्षाला लाखभर गाड्यांची. विकल्या गेल्या तीन वर्षांत मिळून दहा हजारांच्या आसपास. विक्रेत्यांनीच ती खपवायची इच्छा दाखवली नाही, असा आरोप पुढे झाला. १९७४ मध्ये कोल निवृत्त झाले आणि कंपनीचा उत्साह त्यांच्याबरोबर गेला. तरी त्या थोड्या गाड्यांनी काम केलं. कॅन्सस सिटीतल्या एका डॉक्टरची ओल्ड्समोबाइल बसवर समोरून आदळली आणि ते त्यातून सहीसलामत बाहेर आले. पुढे ते एअरबॅगच्या बाजूने साक्ष देत फिरले.

वॉशिंग्टनमध्ये नियम येत-जात राहिला. कार्टर सरकारने १९७७ मध्ये तो पुन्हा आणला, रेगन सरकारने १९८१ मध्ये उचलून बाजूला ठेवला. विमा कंपन्यांना हे परवडणारं नव्हतं, कारण अपघाताचं बिल त्यांच्याच दारात यायचं. सरकार सोडलेले हॅडन आता या विमा कंपन्यांच्याच महामार्ग सुरक्षा संस्थेचे प्रमुख होते. स्टेट फार्म विमा कंपनी न्यायालयात गेली आणि जून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं: नियम मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागतं, आणि एअरबॅगपुरता तरी नियम का ठेवला नाही याचा विचारही इथे झालेला दिसत नाही. मोटार उद्योगाने जवळपास दशकभर एअरबॅगविरुद्ध एक प्रकारचं युद्धच चालवलं आणि ते हरला, असं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी निकालपत्रात नोंदवलं. या निकालात एक आकडाही येतो. अशी आपोआप चालणारी साधनं सर्व गाड्यांत बसली तर वर्षाला सुमारे १२,००० जीव वाचतील, असा सरकारी अंदाज होता. हा आकडा लक्षात ठेवावा.

तोवर जर्मनीत निराळाच विचार चालला होता. मर्सिडीझने १९८० च्या अखेरीला आपल्या एस-क्लासमध्ये चालकासाठी एअरबॅग द्यायला सुरुवात केली, आणि तिच्या जोडीला धडकेच्या क्षणी पट्टा आवळून धरणारं यंत्र. जर्मनीत पट्टा १९७६ पासून सक्तीचा होता आणि १९८४ पासून त्यासाठी दंड बसू लागला. म्हणून तिथली पिशवी पट्टा बांधलेल्या माणसाचं डोकं आणि छाती सांभाळण्यापुरती होती. युरोपातल्या पिशव्या बऱ्याचदा आकाराने लहान असायच्या, आणि ते कंजूषपणामुळे नव्हे.

अमेरिकेत परिवहन मंत्री एलिझाबेथ डोल यांनी १९८४ मध्ये एक हुशार अट घातली. पुरेशा राज्यांनी पट्टासक्तीचे कायदे केले तर कंपन्यांना सूट. नाहीतर टप्प्याटप्प्याने सर्व गाड्यांत आपोआप चालणारं संरक्षण. कंपन्या आयुष्यात पहिल्यांदाच पट्टासक्तीच्या प्रचाराला लागल्या. न्यूयॉर्कने आधी कायदा केला, पाठोपाठ इतरांनी. पण सूट मिळण्याइतके कायदे जमले नाहीत. परिणामी पट्टेही आले आणि पिशव्याही आल्या. राजकारणातून निघालेल्या निर्णयांत इतका फायद्याचा अपघात क्वचितच झाला असेल.

आणि आयकोका? ते आता क्रायसलरचे प्रमुख होते. १९८४ च्या आत्मचरित्रात त्यांनी एअरबॅगवर टीका केली होती आणि पट्ट्याचे कायदे करा असं म्हटलं होतं. चारच वर्षांत त्यांनी पवित्रा बदलला. अमेरिकेत बनणाऱ्या सगळ्या क्रायसलर मोटारींत चालकाची एअरबॅग देण्याचं ठरवलं आणि जाहिरातीत स्वतः तिचे गोडवे गायले. १२ मार्च १९९० ला व्हर्जिनिया राज्यात कल्पेपरजवळ दोन क्रायसलर लेबॅरन समोरासमोर आदळल्या. दोन्हींत एअरबॅग होत्या, दोन्ही उघडल्या, आणि दोन्ही चालक किरकोळ जखमांवर बचावले. एअरबॅग असलेल्या दोन गाड्यांच्या टकरीची ही पहिली नोंद. निक्सनपुढे कैफियत मांडणाऱ्या माणसाला त्याच्याच गाड्यांनी दिलेलं हे उत्तर त्याला जाहिरातीसाठी फार उपयोगी पडलं. १९९१ च्या कायद्याने पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीची झाली. मोटारींना १९९८ च्या मॉडेलपासून, पिकअप वगैरेंना त्याच्या पुढच्या वर्षीपासून.

मग मुलं मरू लागली.

हळू वेगाचे अपघात, ज्यांत एरवी बंपर बदलून भागलं असतं, त्यांत पुढच्या सीटवरची मुलं पिशवीच्या माराने दगावली. मागे तोंड करून लावलेल्या शिशु-आसनातली बाळं तर पिशवीच्या दारातच असायची. स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या बायकांनाही तोच धोका. कारण चाचणीत होतं. पट्टा न लावलेला सरासरी उंचीचा पुरुष-बाहुला ताशी ३० मैलांनी भिंतीवर आदळताना वाचला पाहिजे, अशी अट होती. पट्टा नसलेलं शरीर धडक होताच पुढे झेपावतं, म्हणून त्याला गाठायला पिशवी फार जोरात आणि फार लवकर उघडावी लागते. जो माणूस पट्टा लावत नाही त्याच्यासाठी ठरवलेली ताकद पट्टा लावलेल्या आईवर आणि शेजारच्या पोरावर येऊन आदळत होती. मेरीलँडमधल्या एका वकिलाने आपली सात वर्षांची मुलगी अशी गमावल्यावर इशाऱ्यांसाठी पालकांची संघटना उभी केली. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पिशवी उघडल्यामुळे झालेले मृत्यू २९० हून अधिक आहेत, असा अमेरिकी सरकारचा अंदाज आहे. त्यांतले सुमारे ९० टक्के १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांत झाले, आणि ८० टक्क्यांहून जास्त जणांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा तो नीट लावलेला नव्हता.

मार्च १९९७ मध्ये चाचणीची अट सैल झाली आणि १९९८ च्या मॉडेलपासून पिशव्यांचा जोर उतरला. गरजूंना बंद-चालू करण्याचं बटण बसवून घ्यायची मुभा मिळाली. मुलांना मागे बसवण्याची मोहीम निघाली. २००० मध्ये ठरलेल्या नव्या नियमांनी सीटवरचं वजन ओळखून पिशवी हलक्या जोराने उघडणारी किंवा न उघडणारी यंत्रणा आणली. मुलांचे मृत्यू झपाट्याने घटले, आणि जोर उतरवल्याने मोठी माणसं जास्त मरतील ही भीती खरी ठरली नाही. म्हणजे इतका जोर मुळात लागतच नव्हता.

एवढं सगळं होऊन, पुढच्या सीटवरच्या माणसाला ही पिशवी कितपत वाचवते? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा: समोरून होणाऱ्या धडकेत मृत्यूचा धोका फक्त एअरबॅगने ३४ टक्के कमी होतो, फक्त पट्ट्याने ५० टक्के, आणि दोन्ही मिळून ६१ टक्के. बाजूची धडक, उलटणं, मागची टक्कर असे सगळे प्रकार एकत्र धरले तर पुढच्या पिशवीचा वाटा ११ ते १४ टक्क्यांवर येतो, कारण ती फक्त पुढून येणाऱ्या माराशी झुंजते आणि एकदाच उघडते. गाडी ट्रकवर आदळून मग झाडावर गेली, तर झाडाच्या वेळेला तिच्यात काही उरलेलं नसतं. २०१७ या एका वर्षात अमेरिकेत पुढच्या एअरबॅगनी वाचवलेले जीव २,७९० आणि पट्ट्यांनी वाचवलेले १४,९५५. वर्षाला १२,००० चं स्वप्न फसलं असं म्हणता येईल. पण तो अंदाज मांडला गेला तेव्हा पट्टे जवळजवळ कोणीच लावत नव्हतं. पट्ट्यांचा वापर ९० टक्क्यांवर पोचल्यावर पिशवीला करण्यासारखं कमीच उरलं. तरी १९८७ ते २०१७ या काळात पिशवीने वाचवलेल्या जिवांची बेरीज ५०,४५७ आहे.

यानंतरचा काळा अध्याय पिशवीच्या कल्पनेचा नव्हे, तर काटकसरीचा. जपानच्या टकाटा कंपनीने पिशवी फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलं. ते स्वस्त होतं, पण वर्षानुवर्षं दमटपणा आणि उष्णता सोसली की बिघडायचं आणि मग पेटताना धातूची डबीच फुटून तिचे तुकडे छाती-गळ्यात घुसायचे. २००९ मध्ये ओक्लाहोमात एका तरुणीचा मृत्यू झाला. गाडीची टक्कर किरकोळ होती. एकट्या अमेरिकेत साधारण ६.७ कोटी डब्या परत बोलवाव्या लागल्या आणि तिथल्या बळींची संख्या पंचविसाच्या पुढे गेली. कंपनी जानेवारी २०१७ मध्ये गुन्हा कबूल करायला तयार झाली, जूनमध्ये तिने दिवाळं काढलं. भारतातही होंडाने हजारो गाड्यांतले हे भाग बदलले.

भारतात एअरबॅगची गोष्ट उशिरा सुरू झाली आणि पहिल्याच दृश्यात खरी गंमत कळली. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच छोट्या भारतीय गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळवून पाहिल्या. सगळ्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे. पण शून्य-शून्यात फरक होता. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच धडकेत ढासळला. तिथे पिशवी बसवूनही फारसा उपयोग नव्हता. पोलो आणि फिगोचा सांगाडा टिकला. दोन एअरबॅग लावलेल्या पोलोला चार तारे मिळाले, आणि फोक्सवॅगनने बिनपिशवीची पोलो बाजारातून काढून घेतली. केबिन उभी राहिली, तरच पिशवीला फुगायला जागा आणि काम मिळतं. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची २०२१ मध्ये सक्तीची झाली. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्राने गाड्यांपुढचे लोखंडी गार्ड बेकायदा ठरवले होते. एक कारण पादचाऱ्यांचा जीव, दुसरं असं की गार्डमुळे धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही. हौसेने लावलेले ते गार्ड महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आजही दिसतात.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते ती कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या सीटवरचे मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागे पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. या घटनेने सहा एअरबॅगच्या सक्तीची चर्चा तापली. नितीन गडकरींच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तिची मुदत ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे नेली, आणि अखेर सक्ती करणार नसल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढची गाडी दुभाजकावर आदळून मागच्या छोट्या गाडीवर आली. पिशवी उघडली आणि पुढच्या सीटवर बसलेलं सहा वर्षांचं मूल दगावलं. अमेरिकेत १९९६-९७ मध्ये जे ओरडून सांगितलं गेलं, ते इथे अजून अनेक घरांत पोचलेलं नाही.

मिस्त्रींच्या अपघातानंतर आणखी एक वस्तू चर्चेत आली: पट्टा न लावताच बक्कलमध्ये खुपसायची धातूची चपटी क्लिप. ती घातली की पट्ट्याची आठवण करून देणारा आवाज बंद होतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपांची विक्री थांबवायला लावली. त्या दुकानांतून १३,११८ जाहिराती काढून टाकाव्या लागल्या.